घरपोच डबा: एकटे वृद्ध आणि दिव्यांगांसाठी सांगलीत सुरू करायचाय, बारकावे हवेत

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेपासून गावभागापर्यंत एकटे राहणारे वृद्ध आणि ज्यांना स्वयंपाक करणं शक्य नाही असे दिव्यांग, यांना दुपारचा डबा घरपोच द्यायचं आम्ही काही जणांनी ठरवलंय. सोमवार ते शनिवार, ३० डबे. सकाळच्या वेळी एका संस्थेचं स्वयंपाकघर वापरायला मिळतंय. स्वयंपाकाला दोन मावशी पगारी, वाटप मात्र पूर्णपणे स्वयंसेवकांचं. कुणाकडे काम कोणतं एवढं ठरलंय, पण माप, वेळ, डबे, पथ्य, कागदपत्रं याबद्दल नुसते अंदाज आहेत. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय किंवा ज्यांचा हा विषय आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. "छान उपक्रम" एवढंच लिहू नका, चुका कुठे होतात ते सांगा.

खलबत्ता

मापापासून सुरू करते. माणशी कच्चा जिन्नस असा धरा: तांदूळ ५० ग्रॅम, तूरडाळ किंवा मूगडाळ २५ ग्रॅम, कणीक ५० ग्रॅम (दोन मध्यम पोळ्या), निवडलेली भाजी १२० ग्रॅम, फोडणीसकट सगळं तेल १० ग्रॅम, मीठ २ ग्रॅम, दही १०० ग्रॅम.

३० जणांना म्हणजे तांदूळ दीड किलो, डाळ पाऊण किलो, कणीक दीड किलो आणि पोळपाटावर वेगळं पीठ, भाजी ३.६ किलो, तेल ३०० ग्रॅम, मीठ ६० ग्रॅम, दही ३ किलो. यावर तीन डब्यांचं जास्त शिजवा. एखादा डबा सांडतो, एखाद्याकडे अचानक बहीण आलेली असते.

भाजीचं वजन निवडल्यावरचं आहे, हे विसरू नका. मेथीच्या जुड्यांमधून निम्मं देठातच जातं. दुधी, दोडका, भोपळा यांचं साल-बी काढून जे उरतं त्यावर हिशोब करा. आणि मीठ तराजूवर मोजून घाला. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातलं २ ग्रॅम दुपारच्या जेवणात गेलं तर ठीक आहे. मावशींच्या अंदाजाने पडणारं मीठ यापेक्षा हमखास जास्त असतं. वर लोणचं-पापड दिलंत तर सगळा हिशोब कोलमडतो. लोणच्याऐवजी लिंबाची फोड द्या, मीठ कमी असलं तरी जेवण अळणी लागत नाही.

प्रथिनांचं बघा. वरच्या मापातून साधारण २० ग्रॅम मिळतात. पन्नास किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम लागतात. म्हणजे निम्मी गरज तुमच्या एका डब्याने भागते, पण दही काढलंत किंवा वरण पातळ केलंत की भागत नाही. महागाई झाली की पहिली कात्री वरणाला लागते. तिथे कात्री लावू नका.

मोजमाप

खलबत्ताताईंनी किती ते सांगितलं, मी कधी ते सांगतो.

गॅस बंद केल्यापासून शेवटच्या माणसाच्या हातात डबा पडेपर्यंत दोन तासांच्या वर वेळ जाता कामा नये. गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवायचं. साध्या स्टीलच्या डब्यात ते इतका वेळ टिकत नाही, म्हणून दोन तासांची मर्यादा पाळायचीच. उलटं गणित मांडा. शेवटचा डबा १२:४५ ला पोचवायचा असेल तर ११ वाजता गॅस बंद, ११:२५ ला डबे भरून तयार, ११:३० ला गाड्या बाहेर. पोळ्या शेवटी लाटा. सकाळी साडेआठला पोळ्या उरकून ठेवल्या तर दुपारी त्या चामड होतात आणि दात नसलेल्याला तुटत नाहीत.

भात सगळ्यात धोक्याचा. तांदळात असलेल्या बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यांच्यातलं उलटी करवणारं विष पुन्हा तापवूनही जात नाही. म्हणून उरलेला भात दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात करून डब्यात द्यायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

एक खुपसायचा तापमापक घ्या. महिन्यातून एकदा तपासा: बर्फाच्या पाण्यात ० दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात सांगलीच्या उंचीवर ९८ च्या आसपास दाखवेल, १०० नाही, म्हणून तो बिघडला असं समजू नका. भरताना वरण ८० च्या वर हवं. डबे भरण्याआधी उकळत्या पाण्याने विसळून घेतले तर थंड स्टील वरणाची उष्णता खेचून घेत नाही. फार सोपी गोष्ट आहे, पण फरक बराच पडतो.

तिठा

वाटपाबद्दल. ३० डबे एका फेरीत जाणार नाहीत. दहा-दहाच्या तीन वाटा करा. एका दाराशी चार-पाच मिनिटं जातात. जिना चढायचा, दार उघडेपर्यंत थांबायचं, रिकामा डबा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे. दहा दारं म्हणजे पाऊण तास, वर रस्त्याचा वेळ. दुचाकीवर दहा-बारापेक्षा जास्त डबे लादू नका, भरलेला स्टीलचा डबा सव्वा किलोच्या पुढे जातो आणि गतिरोधकावर मागची पिशवी उडते.

माणसांचं गणित: तीन वाटा गुणिले सहा दिवस म्हणजे आठवड्याला अठरा पाळ्या. एकाने दोन पाळ्या घेतल्या तर नऊ जण लागतात. नऊवरच काम सुरू केलंत तर पहिल्या लग्नसराईत कोसळेल. चार जण राखीव हवेत, आणि राखीव म्हणजे ज्यांनी ती वाट आधी चालून पाहिली आहे असे. नवीन माणसाला एकट्याला कधी पाठवू नका.

प्रत्येक वाटेची एक वही. त्यात क्रम, घराची खूण, कुठली बेल चालत नाही, कुत्रं आहे का, दाराशी यायला किती वेळ लागतो, शेजारी कोण, नात्यातल्या कुणाला फोन करायचा. आजार वहीत लिहू नका, तो फक्त समन्वयकाकडच्या कागदावर राहू दे.

आणि क्रम बदलायचा नाही. रोज तीच वेळ. म्हातारी माणसं डब्याच्या वेळेवर औषधं, आंघोळ, झोप सगळं बसवतात.

रानजाई

तिठादादांचं शेवटचं वाक्य इन्सुलिनवाल्यांसाठी फारच महत्त्वाचं आहे. मी नर्सिंगमध्ये आहे, म्हणून नीट सांगते.

साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घेतात, झटपट काम करणारं अगदी जेवायला बसतानाच. माणसाने बाराचा डबा धरून साडेअकराला सुई टोचली आणि डबा एकला आला, तर साखर धोकादायक खाली जाते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचंही तेच. म्हणून दोन नियम: इन्सुलिन घेणाऱ्यांची घरं वाटेच्या सुरुवातीला, आणि त्यांना स्पष्ट सांगायचं की डबा हातात आल्याशिवाय सुई नाही. डबा आल्यावर अर्धा तास थांबायचं असेल तर थांबा, जेवण थोडं निवलं तरी चालेल. औषधाच्या वेळेत बदल करायचा असेल तर तो त्यांच्या डॉक्टरांना विचारून.

घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्या पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा द्या. बरं वाटलं की लगेच जेवायला बसवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करा. प्रत्येक पिशवीत साखरेची पुडी ठेवा.

दारातून दिसणाऱ्या गोष्टींकडे लक्ष असू दे: तोंडाची एक बाजू ओघळलेली, एक हात उचलत नाही, बोलणं जड. असं दिसलं तर पहिल्यांदा वेळ लिहून घ्या, म्हणजे माणूस शेवटचा धड कधी होता ते. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि रुग्णालयात पहिला प्रश्न हाच विचारतात.

कृष्णाकाठ

खूप उपयोगी. दार उघडलंच नाही तर काय करायचं? आमच्यातले काही म्हणतात डबा कडीला अडकवून पुढे जावं, नाहीतर बाकीच्यांना उशीर होईल.

तिठा

कडीला डबा अडकवायचा नाही. डबा उन्हात तापतो, मांजर-मुंगी लागते, आणि मुख्य म्हणजे आत माणूस पडलेला असला तर ते कुणाला कळतच नाही. बेल, मग हाक, मग फोन. पाच मिनिटं थांबा. शेजारी विचारा. तरी काही नाही तर समन्वयकाला फोन करून डबा घेऊन पुढे जा. समन्वयक नातेवाइकांना गाठतो आणि अर्ध्या तासात कुणालातरी परत पाठवतो. आतून कण्हण्याचा आवाज आला, नळ चालू राहिलाय, गॅसचा वास येतोय, तर पुढे जायचंच नाही. ११२ लावा आणि तिथेच थांबा. उरलेले डबे घ्यायला राखीव माणूस येईल, त्यासाठीच तो राखीव.

नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या की किल्ली कुणाकडे असते. ही एक ओळ वहीत असली की बराच गोंधळ वाचतो.

मऊभात

वाचा-उपचार आणि गिळण्याच्या त्रासावर काम करते. या विषयात सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून लांब लिहितेय.

"म्हाताऱ्यांना मऊ" म्हणून सगळ्यांना एकच पातळ वरण-भात देऊ नका. पक्षाघात, पार्किन्सन, सेरेब्रल पाल्सी यांत गिळण्याचा त्रास वेगवेगळा असतो. पातळ वरणात भाताची मोकळी शितं हा सोपा वाटणारा घास त्यांना सगळ्यात अवघड. तोंडात पातळ आणि घट्ट दोन्ही एकदम येतं, पातळ आधी घशात उतरतं आणि श्वासनलिकेत जातं. याने फुप्फुसात संसर्ग होतो, आणि खोकला आला नाही म्हणजे गेलं नाही असंही नाही.

आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर अन्नाच्या पातळ्या ठरलेल्या आहेत. तुमच्या कामाच्या तीन. चौथी: पूर्ण गुळगुळीत, चमच्यावर आकार धरणारं, गुठळी नाही. पाचवी: बारीक केलेलं आणि ओलसर, मोठ्या माणसासाठी तुकडा ४ मिलिमीटरपर्यंत. साध्या काट्याच्या दोन दातांमधली फट साधारण तेवढीच असते, त्यावर बघा. सहावी: मऊ, बोटाने दाबलं की चेपणारे, दीड सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे. कोणाला कोणती पातळी हे तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाने लिहून द्यायचं. घरच्यांच्या किंवा स्वयंसेवकाच्या अंदाजावर ठरवायचं नाही.

मिक्सरमध्ये वाटताना पाणी घालू नका. आमटी, ताक किंवा दूध घाला, नाहीतर पोट भरतं आणि अंगात काही जात नाही. वाटीला एक चमचा तूप. नुसता भात वाटला की खळीसारखा चिकट गोळा होतो आणि टाळूला बसतो, म्हणून मूगडाळ दोन भाग, तांदूळ एक भाग अशी खिचडी करून वाटा. मेथीचे देठ, शेवग्याचा गर, घेवड्याच्या शिरा वाटूनही धागे राहतात, गाळून घ्या. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा. सगळं एकत्र फिरवून करड्या रंगाचा लगदा पाठवला तर कोणीही जेवणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

यांच्या डब्यात नको असलेलं: पोहे, मुरमुरे, अख्खे दाणे, जाड कुटाची कोरडी चटणी, साबुदाण्याची खिचडी, कोरडी भाकरी. आपल्या भागात ज्वारीच्या कण्या चांगल्या वाटतील, पण त्याही नीट शिजवून ताकात घट्टसर केल्या तरच, आणि पाचव्या पातळीच्या पुढच्यांनाच.

ताठ बसून जेवायचं, जेवल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. स्वयंसेवकाने भरवायचं नाही. भरवायची गरज असलेल्या माणसाला घरात जेवणाच्या वेळी माणूस हवा, नुसता डबा पुरा पडणार नाही. नाव नोंदवतानाच हे स्पष्ट करा.

शुभ्रकाठी

मला दिसत नाही, आणि अशा योजनेच्या कुठल्याही बैठकीत आमच्यासारख्यांना शेवटी विचारलं जातं, म्हणून इथे आधीच लिहून ठेवतो.

डब्याचा क्रम कधीही बदलू नका. खाली वरण, मध्ये भात, वर पोळी-भाजी ठरलं की तेच रोज. पातळ पदार्थ कुठल्या पुड्यात आहे हे माहीत नसलं की झाकण उघडतानाच सांडतं. ताटलीत वाढून देणार असाल तर घड्याळाचे काटे सांगा: "वरणाची वाटी बाराला, भाजी तीनला, भात सहाला." दारातला माणूस रोज पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगतो का, याची सवय लावा. न बोलता डबा हातात कोंबणारा स्वयंसेवक असला तर दार उघडायची भीती वाटते. ऐकू न येणाऱ्यांसाठी उलटं: बेल उपयोगाची नाही, निघताना मेसेज आणि दाराशी पोचल्यावर दुसरा मेसेज, किंवा बेलला जोडलेला दिवा.

व्हीलचेअरवरचा माणूस दाराशी आला तरी डबा मांडीवर ठेवू नका, गरम असतो आणि पायाला संवेदना नसली तर भाजलेलं कळत नाही. आत कुठे ठेवायचा ते त्यालाच विचारा. सोबतच्या माणसाला विचारू नका, ज्याचा डबा आहे त्याला विचारा.

खलबत्ता

शुभ्रकाठीदादांनी फार नेमकं लिहिलंय. त्याला जोडून डब्यांचं.

हवाबंद क्लिपचे डबे घेऊ नका. गरम वरण भरून झाकण लावलं की आतली वाफ थंड होते, झाकण आत ओढलं जातं आणि संधिवाताच्या बोटांना ते उघडत नाही. दोन-तीन पुडांचा साधा स्टीलचा कडीचा डबा बरा, कडी मात्र सैल असावी. वरणाचा पूड पाऊणच भरा. रबरी रिंग वापरत असाल तर ती रोज काढून धुवा, तिच्या खोबणीत आमटी साठते आणि वास सुटतो. वर्षाकाठी रिंगा बदलाव्याच लागतात. दारातच झाकण सैल करून देणं हा स्वयंसेवकाच्या कामाचा भाग धरा.

पोळ्या गरम गरम रचल्या की घाम सुटून खालची ओली होते. जाळीवर दोन मिनिटं ठेवून सुती फडक्यात गुंडाळा. वर्तमानपत्रात नको, छपाईची शाई अन्नात उतरते आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाची त्याला मनाई आहे.

डबे दुप्पट लागतात, आज गेलेला उद्या परत येतो. ३० जणांना ६० आणि वर सहा-सात. भांड्यावर नाव घालणाऱ्याकडून प्रत्येक डब्यावर खूण कोरून घ्या: वाट, क्रमांक, प्रकार. "ग ७ म" म्हणजे गावभाग, सातवं घर, मऊ. मुंबईचे डबेवाले नाव-पत्ता न लिहिता अशाच खुणांवर काम करतात. कागदी चिठ्ठी वाफेने सुटते, रबरबँड गळतो. आजाराचं नाव डब्यावर लिहायचं नाही, शेजारीपाजारी वाचतात. परत आलेला डबा त्यांनी घासला असला तरी इथे पुन्हा घासून उकळत्या पाण्यातून काढायचाच.

जिन्नस

एकाच वेळचा डबा देताय, पण तो बहुतेकांकडे दोन वेळा पुरवला जातो. इथे अजून कुणी हे लिहिलं नाही. एकटा माणूस निम्मं दुपारी खातो, निम्मं रात्रीसाठी झाकून ठेवतो. मोजमापदादांचा दोन तासांचा नियम स्वयंपाकघरात पाळाल आणि तोच भात रात्री आठला खाल्ला जाईल.

मोजमाप

अगदी बरोबर, आणि नुसतं "ठेवू नका" सांगून ते थांबणार नाही. ज्याला रात्रीची सोय नाही तो ठेवणारच. फ्रिज असेल तर तासा-दीड तासात आत ठेवा आणि रात्री वाफा येईपर्यंत तापवा, हे सांगून ठेवा.

जिन्नस

फ्रिज सगळ्यांकडे नाही. असलेला बंद असतो, वीजबिलासाठी. म्हणून रात्रीसाठी वेगळं, न बिघडणारं काहीतरी डब्याबरोबर द्या. दुधात भिजवलेल्या कणकेची दशमी दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते, तिच्यासोबत शेंगदाण्याची बारीक वाटलेली चटणी, एक फळ. किंवा सातूच्या पिठाची पुडी, ताकात कालवून खाता येते. खर्च थोडा वाढतो. पण मग भात-वरण दुपारीच संपतं आणि माणूस रात्री उपाशी झोपत नाही. माझ्या मते ३० जणांना नुसता दुपारचा डबा देण्यापेक्षा २४ जणांना दुपारचा डबा आणि रात्रीची पुडी दिलेली जास्त बरी.

तिठा

इथे मतभेद नोंदवतो. वाट पाहणारे सहा जण यादीत असताना त्यांना नाही म्हणणं सोपं नाही. नोंदणीतच विचारा: रात्री कोण देतं? ज्यांचं उत्तर "कुणी नाही" त्यांनाच पुडी.

जिन्नस

मान्य. पण उत्तर तोंडी विचारून मिळत नाही, संकोच असतो. परत आलेल्या डब्यावरून ते कळतं. डबे घासणाऱ्या मावशींना एक तक्ता द्या, त्यात काय उरलं त्याची खूण. पोळी उरतेय म्हणजे कवळी किंवा दातांचं दुखणं. भाजी उरतेय म्हणजे तिखट. पूर्ण रिकामा, पण वास आंबूस, म्हणजे रात्रीपर्यंत ठेवला होता. दोन दिवस सगळंच उरलं तर समन्वयकाने त्या घरी स्वतः जायचं, कारण भूक जाणं हे आजाराचं, बद्धकोष्ठाचं किंवा खचलेल्या मनाचं पहिलं लक्षण असतं. हा तक्ता आठवड्याने स्वयंपाकघरात वाचा.

रानजाई

पथ्यांचं राहिलं. चारच प्रकार ठेवा: साधा, कमी मीठ, मऊ, गुळगुळीत. मधुमेहींना वेगळा स्वयंपाक नको, साध्यातच भात निम्मा, भाजी जास्त, गोड नाही.

मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. डायलिसिसवर असलेल्याला प्रथिनं जास्त लागतात, नसलेल्याला बहुधा कमी, त्यामुळे "किडनीचा डबा" असा एक डबा नसतोच. पोटॅशियम कमी हवं असेल तर बटाटा-भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावं लागतं. आणि बाजारातलं "कमी सोडियमचं मीठ" डब्यात वापरू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकतं. मीठ कमी करायचं तर साधंच मीठ कमी घाला.

रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी असेल तर पालेभाजी बंद करू नका, पण एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका. प्रमाण सारखं ठेवा.

खलबत्ता

उपासाचे दिवस पंचांग बघून आधीच तक्त्यात घाला: दोन्ही एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार. संकष्टीला माणूस रात्री चंद्रोदयानंतर जेवतो, म्हणजे दुपारी फराळच द्यावा लागतो. भगर घेताना बंद पाकिटातली, तारीख बघून. सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ नको. ओल लागली की बुरशी धरते आणि उपासाच्या काळात विषबाधेच्या बातम्या त्यातूनच येतात. सांगलीत जैन कुटुंबंही बरीच आहेत: कंदमूळ नाही, जेवण सूर्यास्ताच्या आत, चातुर्मासात नियम आणखी कडक. गृहीत धरू नका, विचारा. रमजानात रोजा ठेवणाऱ्यांचा डबा संध्याकाळी.

मोजमाप

कागदपत्रं थोडक्यात. फुकट देताय म्हणून कायद्यातून सूट नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये अन्नव्यवसायाची व्याख्या "नफ्यासाठी असो वा नसो" अशी आहे. छोट्या स्वयंपाकघराला नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. संस्थेची आधीच असेल तर तीत तुमचं काम बसतं का ते विचारा. स्वयंपाक करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वराची लस. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर इथे चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. स्वयंसेवक एकट्या माणसांच्या घरी जाणार, तेव्हा ओळखपत्र आणि पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी आधी. रोख रक्कम दारात घ्यायची नाही. पैसे देऊ इच्छिणाऱ्यांनी महिन्याला खात्यात भरावे, पावती द्यावी. ज्येष्ठांची छळाची वा एकटं टाकल्याची तक्रार कानावर आली तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

तिठा

सांगलीत करताय तर पुराची तयारी पहिल्याच पावसाळ्याआधी करा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. पण नदीकाठच्या सखल वस्त्यांत, म्हणजे दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्त्याकडच्या भागात इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं. त्यामुळे ४० ची वाट बघू नका. ३० फुटांना यादी काढा: तळमजल्यावर कोण, व्हीलचेअरवर कोण, ऑक्सिजनच्या यंत्रावर कोण. त्यांना उजेडात आणि रस्ता कोरडा असताना हलवायचं. कोयना-वारणेच्या विसर्गाच्या बातम्यांवर एकाने लक्ष ठेवायचं.

३५ ला वरच्या मजल्यावरच्यांना तीन दिवसांची पुडी: माणशी रोज ३ लिटर पाणी, सातूचं पीठ, राजगिऱ्याचं पीठ, दुधाची पावडर, खजूर (मधुमेहींना नाही), औषधांची आठवडाभराची भर, मेणबत्तीऐवजी विजेरी. भडंग वाटण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण दात नसलेल्यांना आणि गिळण्याचा त्रास असलेल्यांना ते देऊ नका.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. यावरून आमचं असं ठरतंय: सुरुवात ३० ऐवजी १२ डब्यांनी, एकच वाट, विश्रामबाग. तीन आठवडे तक्ता नीट भरला की दुसरी वाट. ज्यांना रात्री कुणी नाही त्यांना पुडी. गुळगुळीत डब्याचे दोघे आहेत, त्यांच्यासाठी तज्ज्ञाची चिठ्ठी मागवतोय.

एक शंका: गुळगुळीत डबा पोचेपर्यंत वर साय धरतो आणि कडेला पाणी सुटतं. ते चालेल का?

मऊभात

नाही. वेगळं सुटलेलं पाणी म्हणजे पुन्हा पातळ आणि घट्ट एकत्र. पाणी सुटतं ते बहुधा दुधी, कोहळा, टोमॅटो अशा भाज्यांमुळे. त्या आधी शिजवून निथळा, मग वाटा, आणि दोन चमचे शिजलेली मूगडाळ घालून पुन्हा फिरवा, डाळ पाणी धरून ठेवते. तुपाचा चमचा वाटतानाच घाला, वरून नको. साय धरू नये म्हणून पूड काठोकाठ भरा आणि झाकण लगेच लावा. दारात स्वयंसेवकाने किंवा घरच्यांनी चमच्याने ढवळून, चमचा तिरका करून बघायचं: गोळा एकसंध घसरून पडला आणि चमच्यावर थोडाच थर राहिला तर बरोबर. ओघळला तर पातळ, चिकटून बसला तर घट्ट. दोन्ही वेळा तो डबा द्यायचा नाही. म्हणून गुळगुळीत डब्यांसोबत एक जादा पूड रोज पाठवा.